नांगर ते एबीएस : हॅरी फर्ग्युसन
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं पहिली ते दहावीचं शिक्षण वाशिमला कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहिण्याचा माझा हा पहिलाच प्रयत्न आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घेतल्या आहेत, तरीही उरल्या असतील त्या माझ्या. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्याच्यासाठी तो लिहिलाय तो माझा आत्तेभाऊ इंग्लिश सेक्शनचं पान उलटूनसुद्धा बघणार नाही.

तर झालं असं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर दादाने नवीन बाईक घ्यायची ठरवली. आमच्या घराण्यात इंजिनिअरिंगला मी एकटी, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी फोन मलाच येतो. दादाचाही आला. बाईक दोन प्रकारात मिळत होती, एकीत फक्त पुढच्या चाकाला एबीएस आणि दुसरीत दोन्ही चाकांना. दुसरी अर्थातच महाग. कोणती घेऊ, असं त्याने विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की साधी घे, एबीएस आहे म्हणजे वळणावर घसरायची भीतीच नाही. माझं त्या विषयातलं ज्ञान त्या वेळी दोन मार्कांच्या प्रश्नापुरतं होतं. पण आपण इंजिनिअर ना!

पंधरा दिवसांनी शेलूबाजारहून गावी येताना दादा पडला. आमच्या गावाच्या अलीकडे पांदण डांबरी रस्त्याला मिळते, नेमकं तिथेच वळण आहे. वावरातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरांची काळी माती डांबरावर सांडत जाते, आणि वरून रिमझिम झाली की तिचं नुसतं लोणी होतं. वळणात शिरल्यावर दादाला ते दिसलं, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्या अंगाखालून निघून गेली. खांद्याचं हाड मोडलं, डाव्या पायात रॉड टाकावा लागला. अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा तो माझ्यावर रागावला नाही. त्याने फक्त विचारलं की एबीएस होतं ना गं, मग मी पडलो कसा? मला उत्तर देता आलं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

ते उत्तर शोधता शोधता मला एक माणूस सापडला, आणि गंमत म्हणजे त्याचं नाव मी लहानपणापासून रोज वाचत होते. आमच्या काकांच्या लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ते लिहिलेलं आहे. मॅसी फर्ग्युसन! मला वाटायचं मॅसी हे नाव आणि फर्ग्युसन हे आडनाव, असा कोणीतरी एकच गोरा साहेब असणार. पण मॅसी ही कॅनडाची कंपनी, आणि फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा फर्ग्युसन वेगळा. तो मुंबईचा गव्हर्नर होता.)

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डाऊन परगण्यात, ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल नावाच्या वाडीत झाला. अकरा भावंडांत हा चौथा. वडील शेतकरी आणि धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. हॅरीला ना तो कडकपणा पटला ना शेतीची कामं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि काही वर्षं त्याने बापाच्या शेतात राबून काढली. शेतात राबणाऱ्या मुलाला शेतीचा कंटाळा येतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. अर्धं हॉस्टेल त्याच कारणाने इथे आलेलं आहे. १९०२ च्या सुमारास तो थोरल्या भावाच्या, ज्योच्या, बेलफास्टमधल्या गॅरेजमध्ये कामाला लागला. तिथे मात्र पोराचे हात सुटले. इंजिन ट्यून करण्यात तो तरबेज झाला, आणि गॅरेजची जाहिरात व्हावी म्हणून मोटारसायकल आणि मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यायला लागला.

मग त्याच्या डोक्यात विमान शिरलं. राईट बंधूंना उडून सहाच वर्षं झाली होती. पठ्ठ्याने गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधलं, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरोच्या मैदानावर ते १३० यार्ड उडवलं. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस. पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर उडून त्याने १०० पौंडांचं बक्षीसही मिळवलं. अधूनमधून तो पडलाही. भावाशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये त्याने स्वतःचा मोटारींचा धंदा काढला. इथून पुढचं आयुष्यभराचं सूत्र असं, की भांडण करायचं, बाहेर पडायचं आणि नवीन काहीतरी सुरू करायचं. माणूस हट्टी होता आणि टापटिपीचं त्याला वेड होतं. कारखान्यात कुठे तेलाचा डाग दिसला की त्याचं डोकं फिरायचं. आपल्या वर्कशॉपमध्ये तो एक दिवस टिकला नसता.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, अन्नधान्य कमी पडू लागलं. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने फर्ग्युसनला देशातल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारायला सांगितलं. तो आणि त्याचा मेकॅनिक विली सँड्स गावोगाव फिरले. त्यांना दिसलं की ट्रॅक्टर तर आला, पण नांगर अजून बैलाच्याच हिशेबाने बांधलेला आहे, म्हणजे मागे साखळीने ओढायचा. बैल शहाणा असतो. नांगर दगडाला अडला की तो थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. मागची चाकं फिरू शकत नाहीत, इंजिन तर जोर लावतंच आहे, मग तो जोर ट्रॅक्टरलाच मागच्या अॅक्सलभोवती फिरवतो. पुढची चाकं उचलली जातात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ट्रॅक्टर उलटा होऊन चालवणाऱ्याच्या अंगावर पडतो. त्या काळात असे पुष्कळ लोक गेले. आपल्याकडे नाल्याच्या चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

फर्ग्युसनने इथे जे केलं त्यासाठी मी त्याला सलाम करते. ट्रॅक्टर जड करणं हा सोपा उपाय होता आणि बाकीचे तोच करत होते. त्याने नांगर हा ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकला. खाली दोन दांडे आणि वर एक, म्हणजेच आपण रोज पाहतो ते थ्री पॉइंट लिंकेज. जमिनीचा विरोध नांगराला मागे ओढतो तेव्हा नांगर पुढे कलंडायला बघतो, आणि वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. त्यामुळे पुढची चाकं उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. शिवाय त्या टॉप लिंकच्या मुळाशी एक स्प्रिंग. जमीन कडक लागली की स्प्रिंग दबते, हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलतो, नांगर थोडा वर येतो. जमीन मऊ लागली की परत खाली. आणि नांगर दगडाला धाडकन अडला, तर मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन चाकं जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. चाक घसरू दे पण माणूस वाचू दे, असा तो हिशोब आहे. हायड्रॉलिकच्या या पद्धतीचं पेटंट १९२६ चं. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी काकांसारख्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरमागे उभं राहून ती स्प्रिंग बघावी. फीडबॅक म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं, मला तर सेमिस्टरभर कळलं नव्हतं.

पेटंट मिळालं म्हणून कारखाना मिळत नाही. १९३३ मध्ये त्याने स्वतःचा नमुना ट्रॅक्टर बांधला, काळ्या रंगाचा. १९३६ पासून इंग्लंडच्या डेव्हिड ब्राऊनने तसे ट्रॅक्टर बनवायला घेतले, पण दोघांचं पटलं नाही. मग ऑक्टोबर १९३८ मध्ये तो एक ट्रॅक्टर जहाजात घालून अमेरिकेला घेऊन गेला आणि खुद्द हेन्री फोर्डला त्याच्या शेतात चालवून दाखवला. फोर्डही शेतकऱ्याचाच मुलगा. बघून तो खूश झाला. दोघांनी हात मिळवला आणि करार झाला. कागद नाही, सही नाही, वकील नाही, नुसता हात! आमच्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो तसंच म्हणा ना. १९३९ मध्ये फोर्डचा ९एन ट्रॅक्टर निघाला आणि तो धडाधड विकला गेला.

पण सौदा करणारा गेला की सौद्याला वाली राहत नाही. म्हातारा फोर्ड बाजूला झाला आणि नातू हेन्री फोर्ड दुसरा याच्या हाती कंपनी आली. त्याने हिशोब मांडला, त्याला यात कंपनीचा तोटा दिसला आणि त्याने करार मोडला. वर नव्या ट्रॅक्टरवर फर्ग्युसनची हायड्रॉलिक यंत्रणा तशीच ठेवली. फर्ग्युसनने १९४८ मध्ये तब्बल २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षं तो खटला चालला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या मानाने ती फारच कमी, तरी फोर्डसारख्या कंपनीला पैसे मोजायला लावणं हीसुद्धा साधी गोष्ट नव्हे.

दरम्यान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री इथे त्याचा स्वतःच्या नावाचा ट्रॅक्टर १९४६ पासून तयार होत होता. टीई-२०, करड्या रंगाचा. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर निघाले. सर एडमंड हिलरी, आपल्या तेनसिंगबरोबर एव्हरेस्ट चढलेले, ४ जानेवारी १९५८ रोजी याच ट्रॅक्टरांना पट्टे लावून दक्षिण ध्रुवावर पोचले. पण फर्ग्युसनचं मन तोवर ट्रॅक्टरमधून उडालं होतं. १९५३ मध्ये त्याने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला देऊन टाकली. किमतीवरून दहा लाख डॉलरचा वाद राहिला, तो नाणं उडवून मिटवला. फर्ग्युसन हरला. माझ्या हातून कॅन्टीनमध्ये दहा रुपये पडले तरी मी टेबलाखाली शिरते, असो.

आता येते मूळ मुद्द्यावर. सत्तरीकडे झुकलेला, गडगंज श्रीमंत, चारदा भागीदारांशी भांडलेला हा माणूस. त्याने घरी बसायला हवं होतं. त्याने मात्र स्वतःचा पैसा घालून कधीही ताबा न सुटणारी मोटार बनवायचा ध्यास घेतला. याचं मूळ मला त्याच्या तरुणपणात दिसतं. १९२८ मध्ये आर्ड्सच्या रस्त्यांवर मोटारींची टीटी शर्यत सुरू करण्यात त्याचा मोठा हात होता. १९३६ च्या त्याच शर्यतीत, पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर एका गाडीचा ताबा सुटून ती गर्दीत घुसली आणि ८ प्रेक्षक ठार झाले. त्या रस्त्यावरची ती शेवटची शर्यत. फर्ग्युसनच्या मनात हे घर करून राहिलं असेल की नाही हे कोण सांगणार, पण मला तरी वाटतं राहिलं असेल.

त्याला साथीदारही भन्नाट मिळाले. एक फ्रेडी डिक्सन, जुना मोटारसायकल रेसर. दुसरा टोनी रोल्ट. हा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता, आणि तिथल्या माळ्यावर पहारेकऱ्यांच्या नकळत कैद्यांनी पळून जायला चक्क एक ग्लायडर बांधलं, त्यात हाही होता. उडवायची वेळ आली नाही, त्याआधीच सुटका झाली. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचू नये.) नंतर १९५३ मध्ये रोल्टने ल मांसची २४ तासांची शर्यतही जिंकली. या दोघांच्या डोक्यात आधीपासूनच चारही चाकांना ताकद देणारी गाडी होती. फर्ग्युसनने त्यासाठी १९५० मध्ये संशोधन कंपनी काढली.

त्यांच्या आर-४ नावाच्या नमुना गाडीत चारही चाकांना ड्राइव्ह, डिस्क ब्रेक आणि डनलॉपचं 'मॅक्सरेट' अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. मॅक्सरेट हे विमानासाठी बनवलेलं यंत्र. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाकं लॉक होऊन टायर फाटू नये म्हणून ते पन्नाशीच्या सुरुवातीला निघालं. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नाही. चाकाबरोबर फिरणारं एक छोटं फ्लायव्हील असतं. चाक एकदम थांबायला लागलं तरी फ्लायव्हील आपल्या वेगात पुढे जात राहतं, त्या फरकाने व्हॉल्व्ह उघडतो आणि ब्रेकचं प्रेशर सुटतं. चाक परत फिरू लागलं की व्हॉल्व्ह बंद, ब्रेक पुन्हा चालू. टॉप लिंकची स्प्रिंग आठवली? तीच बुद्धी. यंत्राला आधी कळतं, माणसाला नंतर. म्हणून मी म्हणते की मॅक्सरेट फर्ग्युसनने शोधलं नसलं तरी ते मोटारीत बसवायचं त्यालाच सुचणार होतं.

चाक लॉक झाल्यावर वळणावर एवढं काय बिघडतं? यासाठी हॉस्टेलमध्येच एक प्रयोग करून बघा. ईडीचा ड्रॉइंग बोर्ड घ्या, एका बाजूखाली दोन पुस्तकं सरकवा, आणि त्यावर डस्टर ठेवा. उतार असूनही तो घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. आता बोटाने डस्टर आडवा ओढा, उताराला काटकोनात. तो तुम्ही ओढाल तिकडे तर जातोच, पण जाता जाता खालीही घसरतो! खाली तर कोणीच ओढलं नव्हतं. कारण एकदा घसरायला लागलेल्या वस्तूचं घर्षण सगळं तिच्या जाण्याच्या उलट दिशेला खर्च होतं, आडव्या बाजूला धरून ठेवायला ते उरत नाही. लॉक झालेलं चाक म्हणजे हा डस्टर. पुढचं चाक लॉक झालं तर हँडल किंवा स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ नाल्यात. मागचं लॉक झालं तर मागची बाजू फेकली जाते. दादाची फेकली गेली, कारण त्याच्या मागच्या चाकाला एबीएस नव्हतंच.

म्हणजे एबीएस वळणावर उपयोगी पडतं का? पडतं. चाक फिरतं ठेवल्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, आणि हा फायदा लहान नाही. पण टायरची पकड हे महिन्याच्या खर्चाला मिळालेल्या पैशांसारखं आहे, मेसमध्ये उडवले तर सिनेमाला उरत नाहीत. फक्त इथला हिशोब बेरजेचा नाही, पायथागोरसचा आहे. वळणासाठी पकडीतले ८० टक्के लागत असतील, तर ब्रेकसाठी ६० टक्के उरतात. वळणालाच शंभर टक्के लागत असतील तर ब्रेकसाठी शून्य. एबीएस हा खर्चाचा हिशोब नीट ठेवतं, पण ते घरून जास्तीचे पैसे आणू शकत नाही. वेगच जास्त असेल तर ते गाडीला वळणात धरून ठेवू शकत नाही. गाडी भोवंडली जात असेल तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये आली, तीही पकड नव्याने निर्माण करत नाही. आणि दुचाकीचं आणखी अवघड, ती वळताना झुकलेली असते. साध्या एबीएसला ती किती झुकली आहे हे कळत नाही. झुकाव मोजणारं एबीएस २०१३ च्या सुमारास महागड्या बाईकवर आलं.

दुचाकीवरून आठवलं. १९५८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने मॅक्सरेट एका मोटारसायकलवर बसवून पाहिलं होतं. कोणत्या? रॉयल एनफील्डच्या! पार्किंगमधल्या बुलेटवाल्यांनी कॉलर ताठ करावी. घसरणं कमी होतं हे दिसलं, पण कंपनीला त्यात राम वाटला नाही आणि ते तिथेच राहिलं. एबीएस असलेली मोटारसायकल बाजारात यायला १९८८ उजाडलं, ती बीएमडब्ल्यूची. आपल्या देशात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन दुचाकींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये. मधली साठ वर्षं कुठे गेली, असा प्रश्न मला पडतो.

फर्ग्युसनलाही असाच अनुभव येत होता. नमुना गाडी मोटार कंपन्यांच्या साहेबांना दाखवायची, त्यांनी तोंडभर कौतुक करायचं आणि घरी जायचं. एवढी महाग गाडी घेणार कोण, हा त्यांचा प्रश्न. सुरक्षा विकली जात नाही असं तेव्हा सगळे धरून चालले होते. त्याची तब्येत बिघडत गेली, झोप उडाली, निराशेचे झटके येऊ लागले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या ॲबट्सवूड या आपल्या घरी तो बाथटबमध्ये मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. चुकून की मुद्दाम, याचा निर्णय चौकशीतही झाला नाही. वय ७५. त्याच १९६० मध्ये तिकडे मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि तिने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनवायला घेतले. काकांचा ट्रॅक्टर त्याच घराण्यातला.

पुढचं यश त्याने पाहिलंच नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये औल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसन पी-९९ ही चारही चाकांवर चालणारी रेसिंग कार पहिली आणली. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली. चारही चाकांना ड्राइव्ह आणि सोबत मॅक्सरेट असलेली ही लोकांना विकत मिळणारी पहिली मोटार. तिच्यात पुढची-मागची चाकं गिअरमधून एकमेकांशी अशी बांधलेली होती की एकाच मॅक्सरेटमध्ये चारही चाकांचं काम भागत होतं. पण १९७१ पर्यंत जेमतेम ३२० गाड्या निघाल्या. १९७८ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजमध्ये आलं आणि मॅक्सरेटला सगळे विसरले.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा दादा काठी टेकत चालायला लागला होता. बोर्ड आणि डस्टर मी बॅगेत घालूनच नेले होते. त्याने तो प्रयोग चार-पाच वेळा करून पाहिला, काही बोलला नाही. मग मीच म्हटलं की चल, ते वळण मोजू. काकाही आले. वळणाच्या आतल्या कडेवर ३० मीटरची दोरी ताणली, मधोमध दोरीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं, ते भरलं ३ मीटर. त्यावरून त्रिज्या निघते ३९ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर त्या वळणावर ताशी ६३ किलोमीटरपर्यंत गाडी टिकते. चिखलावर ०.३ धरला तर फक्त ३८. दादा ५० ने येत होता. रोज ५० नेच यायचा आणि रोज नीट पोचायचा.

त्याने विचारलं, की दोन्ही चाकांना एबीएस असतं तर? मी खरं ते सांगितलं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना चिखल दिसला असता तर त्या एबीएसने वेग उतरवायला मदत केली असती, आणि मी स्वस्तातली बाईक घ्यायला सांगायला नको होतं. पण वळणात शिरल्यावर ५० च्या वेगात, त्या चिखलावर, बहुतेक तेही पुरलं नसतं. हे बोलताना माझा आवाज जरा बसला होता. दादा बराच वेळ डांबराकडे बघत राहिला.

काका मात्र आमच्या आकडेमोडीत फारसे शिरले नाहीत. ते पांदणीच्या तोंडाशी उभे राहून टायरच्या खुणा बघत होते, त्यातल्या निम्म्या त्यांच्याच ट्रॅक्टरच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा अंगणात ट्रॅक्टर नव्हता. पांदण जिथे डांबराला मिळते तिथे, आतल्या बाजूने वीस-पंचवीस पावलं, त्यांनी दोन ट्रॉल्या मुरूम आणून पसरला होता, टायरची माती रस्त्यावर येण्याआधी तिथेच झडावी म्हणून.